डीएलएल त्रुटी

डीएलएल त्रुटी म्हणजे एखादी आज्ञावली ज्या सामायिक लायब्ररी फाइलवर अवलंबून असते ती फाइल न सापडल्यामुळे, बिघडलेली असल्यामुळे किंवा अपेक्षित आवृत्तीची नसल्यामुळे ती आज्ञावली सुरू न होणे अथवा चालता चालता बंद पडणे होय. 'डीएलएल' हे 'डायनॅमिक-लिंक लायब्ररी' या संज्ञेचे लघुरूप असून मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीतील सामायिक लायब्ररींना हे नाव आहे. लिनक्स, मॅकओएस आदी प्रणालींतही अशा लायब्ररी असतात व तेथेही याच जातीच्या त्रुटी उद्भवतात. मात्र विंडोजच्या प्रसारामुळे डीएलएल हे नाव सर्वाधिक परिचित झाले आहे.

त्रुटिसंदेशात एका फाइलचे नाव दिलेले असते. त्यामुळे ती एकच फाइल कोठून तरी मिळवून योग्य जागी ठेवली की काम भागेल, असा वापरकर्त्याचा समज होतो. प्रत्यक्षात नाव दिलेली फाइल बहुधा एखाद्या मोठ्या संचाचा भाग असते आणि ती नसणे हे तो संच मुळात इन्स्टॉल झालेला नसल्याचे किंवा मोडल्याचे लक्षण असते. लक्षण आणि कारण यांतील ही गल्लत या त्रुटींमागील बहुतेक चुकीच्या उपायांच्या मुळाशी आहे.

कार्यपद्धती

खिडकी उघडणे, मजकूर छापणे, फाइल वाचणे, ध्वनी वाजवणे ही कामे जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीला करावी लागतात. ती करणारा संकेत प्रत्येक आज्ञावलीत वेगळा भरल्यास डिस्कवरील व मेमरीतील जागा वाया जाते, आणि त्यात दोष आढळल्यास तो शेकडो ठिकाणी दुरुस्त करावा लागतो. म्हणून असा संकेत वेगळ्या फाइलीत ठेवून अनेक आज्ञावलींनी तो वाटून घ्यावा, ही सामायिक लायब्ररीमागील कल्पना होय. १९८५ साली बाजारात आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपासून ही रचना वापरात आहे. त्या काळी वैयक्तिक संगणकाची मेमरी काही शे किलोबाइट इतकीच असे, त्यामुळे वाटून घेणे ही सोय नव्हती, निकड होती.

आज्ञावलीच्या फाइलमध्ये तिला लागणाऱ्या लायब्ररींची यादी असते. या यादीत लायब्ररीचे केवळ नाव आणि तिच्यातील हव्या असलेल्या कार्यांची नावे असतात. ती डिस्कवर कोठे आहे हे सहसा लिहिलेले नसते. आज्ञावली सुरू करताना संचालन प्रणालीचा 'लोडर' हा भाग ही यादी वाचतो, एकेक लायब्ररी शोधतो, मेमरीत आणतो आणि आज्ञावलीशी तिचा सांधा जुळवतो. लायब्ररीला स्वतःलाही इतर लायब्ररी लागू शकतात. त्यामुळे हा शोध एका पायरीवर थांबत नाही आणि साखळीतील एकही कडी निसटली तरी आज्ञावली सुरू होत नाही.

शोधाचा क्रम ठरलेला असतो. विंडोजमध्ये साधारणतः प्रथम आज्ञावलीचे स्वतःचे फोल्डर, त्यानंतर 'सिस्टिम३२' हे प्रणालीचे फोल्डर, मग विंडोजचे मुख्य फोल्डर, त्यापाठोपाठ चालू फोल्डर आणि शेवटी 'पाथ' या चलात नोंदवलेली फोल्डरे पाहिली जातात. कर्नल३२ सारख्या काही मूलभूत लायब्ररी मात्र या शोधातून वगळलेल्या असून त्या नेहमी प्रणालीच्या फोल्डरमधूनच घेतल्या जातात. लोडर नावावर विश्वास ठेवतो. त्या नावाची जी फाइल त्याला प्रथम सापडते ती तो स्वीकारतो. ती तीच आहे का, हे तो सामान्यतः तपासत नाही.

संदेशांचे प्रकार

सर्वांत परिचित संदेश फाइल न सापडल्याचा असतो. 'एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल न सापडल्यामुळे पुढे जाता येत नाही. आज्ञावली पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण दूर होऊ शकेल', असा त्याचा आशय असतो. यातील दुसरे वाक्य बहुतेक लोक वाचत नाहीत, आणि खरा उपाय बव्हंशी त्याच वाक्यात असतो. या स्थितीचा अंतर्गत सांकेतांक षोडशमान पद्धतीत ०एक्स-सी००००१३५ असा आहे.

दुसरा प्रकार प्रवेशबिंदू न सापडल्याचा. येथे फाइल सापडलेली असते, पण आज्ञावलीला हवे असलेले कार्य तिच्यात नसते. याचा अर्थ बहुधा आवृत्ती चुकीची, सहसा जुनी, आहे असा होतो. याचा सांकेतांक ०एक्स-सी००००१३९ आहे.

तिसरा संदेश ०एक्स-सी०००००७बी या सांकेतांकाने ओळखला जातो. फाइलची प्रतिमा अवैध आहे, असा त्याचा अर्थ. फाइल खरोखर बिघडली असेल तर हा संदेश येतोच, पण त्याहून अधिक वेळा तो ३२-बिट आज्ञावलीला ६४-बिट लायब्ररी मिळाल्यामुळे किंवा याच्या उलट घडल्यामुळे येतो. या दोहोंचे मिश्रण एका प्रक्रियेत चालत नाही. फोल्डरांच्या नावांनी या गोंधळात भर घातली आहे. ६४-बिट विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' या फोल्डरात ६४-बिट लायब्ररी असतात, तर ३२-बिट लायब्ररी 'सिसवाऊ६४' या फोल्डरात असतात. जुन्या आज्ञावलींशी सुसंगती राखण्यासाठी मूळ फोल्डराचे नाव बदलले गेले नाही, आणि नावावरून अंदाज बांधून फाइल नेमक्या उलट्या जागी ठेवणारे वापरकर्ते त्यामुळे आजही आढळतात.

'डीएलएल हेल'

१९९० च्या दशकात या त्रुटी इतक्या वाढल्या की प्रोग्रामरांच्या बोलीत त्या परिस्थितीला 'डीएलएल हेल', म्हणजे डीएलएलचा नरक, असे नाव पडले. त्या काळी बहुतेक आज्ञावली आपल्या लायब्ररी विंडोजच्या एकाच सामायिक फोल्डरात टाकत असत. एका नावाची एकच फाइल त्या फोल्डरात राहू शकते. त्यामुळे एमएफसी४२, एमएसव्हीसीआरटी, कॉमसीटीएल३२ अशा लोकप्रिय लायब्ररींची कोणती आवृत्ती संगणकावर असेल, हे शेवटी कोणती आज्ञावली इन्स्टॉल झाली यावर अवलंबून राहू लागले.

इन्स्टॉल करणाऱ्या आज्ञावलीने आधीच्या फाइलची आवृत्ती तपासावी आणि नवीवर जुनी लिहू नये, असा नियम होता. सर्वच आज्ञावली तो पाळत नसत. जुनी लायब्ररी नवीवर लिहिली गेली की काल चालणारी दुसरीच एखादी आज्ञावली आज बंद पडे, आणि दोष कोणाचा हे शोधण्यास वापरकर्त्याकडे काही साधन नसे. नियम पाळूनही प्रश्न सुटत नसे, कारण नवी आवृत्ती जुनीशी पूर्ण सुसंगत असतेच असे नाही. कधी तिच्यात नवा दोष असे. कधी जुन्या आवृत्तीतील एखाद्या दोषावर किंवा योगायोगाने घडणाऱ्या वर्तनावर आज्ञावली विसंबून असे आणि दोष दुरुस्त होताच ती मोडे. लायब्ररीच्या बाजूने पाहता सुधारणा झालेली असे, आज्ञावलीच्या बाजूने पाहता करारभंग.

आज्ञावली काढून टाकतानाही हाच पेच उभा राही. कोणती सामायिक फाइल किती आज्ञावली वापरतात याची मोजदाद विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवली जात असे, पण प्रत्येक आज्ञावली तेथे नोंद करीतच असे असे नाही. गणती शून्यावर आली की 'ही सामायिक फाइल आता कोणी वापरत नसावे असे दिसते. ती काढून टाकायची काय?' असा प्रश्न पडद्यावर येई. ज्या प्रश्नाचे उत्तर खुद्द प्रणालीला ठाऊक नाही तो प्रश्न घरगुती वापरकर्त्याला विचारण्याची ही रीत त्या काळाची खूणच म्हणावी लागेल. 'होय' म्हणणाऱ्याची दुसरी आज्ञावली मोडण्याची शक्यता असे. 'नाही' म्हणणाऱ्याच्या डिस्कवर निरुपयोगी फाइली साचत.

मायक्रोसॉफ्टने हा प्रश्न टप्प्याटप्प्याने हाताळला. विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या फाइलींना संरक्षण देण्यात आले. एखाद्या आज्ञावलीने संरक्षित फाइल बदलली तर प्रणाली ती मूळ प्रतीवरून पूर्ववत करी. २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्ये एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय झाली. या आवृत्त्या 'विनएसएक्सएस' नावाच्या फोल्डरात राहतात आणि आपल्याला कोणती हवी हे आज्ञावली 'मॅनिफेस्ट' या घोषणापत्रात सांगते. विंडोज व्हिस्टापासून संरक्षण आणखी कडक झाले आणि प्रशासक अधिकार असलेल्या खात्यालाही प्रणालीच्या फाइली सहजी बदलता येईनाशा झाल्या. दरम्यान डिस्क स्वस्त व मोठ्या झाल्यामुळे अनेक आज्ञावली आपल्या लायब्ररी स्वतःच्याच फोल्डरात ठेवू लागल्या. एका आज्ञावलीने दुसरीची फाइल पुसण्याचे प्रकार त्यामुळे विरळ झाले.

देवनागरीचा अनुभव

संदेश न देता होणाऱ्या बिघाडाचे एक उदाहरण मराठी संगणक-वापरकर्त्यांच्या परिचयाचे आहे. विंडोजवर युनिकोड देवनागरी मजकुराची मांडणी करणे, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेणे, जोडाक्षरे बांधणे, रफार योग्य जागी चढवणे, हे काम 'युनिस्क्राइब' या घटकाकडे असे व त्याची लायब्ररी यूएसपी१०.डीएलएल ही होती. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते. मांडणी करणारा घटक नसला किंवा कार्यरत नसला तर ती उजवीकडेच दिसते आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी पडतात. विंडोज एक्सपीमध्ये अशा जटिल लिप्यांचा आधार सुरुवातीस चालू नसे. प्रादेशिक पर्यायांत जाऊन तो इन्स्टॉल करावा लागे व त्यासाठी विंडोजची सीडी मागितली जाई. मजकूर बरोबर असूनही तो 'फुटलेला' दिसण्याचे हे त्या काळातील एक मोठे कारण होते.

याच लायब्ररीच्या निरनिराळ्या आवृत्त्या विंडोज, इंटरनेट एक्सप्लोरर आणि ऑफिस यांच्यासोबत येत. त्यामुळे तोच परिच्छेद एका आज्ञावलीत नीट आणि दुसरीत सदोष दिसू शकत असे. प्रणालीच्या फोल्डरातील प्रत संरक्षित असल्याने काही वापरकर्ते नवी प्रत थेट आज्ञावलीच्या फोल्डरात ठेवीत. शोधाच्या क्रमात ते फोल्डर आधी येते, म्हणून ही युक्ती अनेकदा चालून जाई.

कारणे

आज ही त्रुटी बहुधा पुढीलपैकी एका कारणाने येते. पहिले व सर्वांत सामान्य कारण म्हणजे आज्ञावली ज्या संकलकाने तयार केली त्याचा रनटाइम संच संगणकावर नसणे. एमएसव्हीसीपी१४० आणि व्हीसीरनटाइम१४० या लायब्ररी व्हिज्युअल सी++ च्या वितरण संचातून येतात. ६४-बिट संगणकावरही ३२-बिट आज्ञावलीला ३२-बिट संचच लागतो. अनेक जण फक्त ६४-बिट संच इन्स्टॉल करून तो चालत नाही असा निष्कर्ष काढतात. डी३डीएक्स९_४३ ही लायब्ररी डायरेक्टएक्सच्या जून २०१० च्या संचातील आहे. विंडोजच्या नव्या आवृत्तीत डायरेक्टएक्स १२ असले तरी ही जुनी फाइल त्यात येत नाही, त्यामुळे जुना खेळ नव्या संगणकावर अडतो. 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' अशा लांबलचक नावाच्या फाइलींचा उल्लेख विंडोज ७ च्या काळातील संगणकांवर येई. त्या २०१५ साली विंडोज १० बरोबर आलेल्या सार्वत्रिक सी रनटाइमच्या असून जुन्या विंडोजसाठी त्या वेगळ्या अद्यतनातून देण्यात आल्या.

दुसरे कारण अँटीव्हायरसने फाइल अलग काढून ठेवणे. ही कारवाई कधी चुकीची असते. पण बेकायदा प्रतींमध्ये परवाना तपासणारी लायब्ररी मुद्दाम बदललेली असते, आणि तेथे अँटीव्हायरसची शंका रास्त ठरू शकते. अशा वेळी संरक्षण बंद करून फाइल परत आणण्याचा सल्ला धोक्याचा आहे. याशिवाय अद्यतन चालू असताना वीज जाणे, डिस्कवरील खराब भाग आणि सदोष मेमरी यांमुळेही फाइल बिघडते. निरनिराळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या लायब्ररींविषयी रोज नवा संदेश येत असेल, तर आज्ञावलींपेक्षा डिस्क किंवा मेमरीवर संशय घेणे योग्य. तेव्हा पहिले काम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून घेण्याचे असते.

दुरुस्ती

फाइल कोणाची आहे हे ठरवणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. ती आज्ञावलीची स्वतःची असेल तर आज्ञावली पुन्हा इन्स्टॉल करावी लागते. ती रनटाइम संचातील असेल तर तो संच त्याच्या निर्मात्याकडून घ्यावा लागतो. ती विंडोजची स्वतःची असेल तर प्रणालीतील 'एसएफसी' हे साधन सर्व संरक्षित फाइली तपासून बिघडलेल्यांच्या जागी मूळ प्रती बसवते. मूळ प्रतींचा साठाच बिघडला असेल तर 'डीआयएसएम' या साधनाने तो विंडोज अपडेटमधून दुरुस्त करता येतो. म्हणून एसएफसीने काम न झाल्यास डीआयएसएम चालवून पुन्हा एसएफसी चालवतात. साखळीतील नेमकी कोणती कडी तुटली आहे हे पाहण्यासाठी 'डिपेंडन्सी वॉकर' किंवा 'प्रोसेस मॉनिटर' ही साधने वापरतात. दुसरे साधन लोडरने कोणकोणत्या फोल्डरात फाइल शोधली व ती कोठे मिळाली नाही याची नोंद दाखवते.

'रेगएसव्हीआर३२' या आज्ञेने डीएलएल 'रजिस्टर' करण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो केवळ कॉम पद्धतीने बांधलेल्या व तशी सोय असलेल्या लायब्ररींना लागू आहे. एमएसव्हीसीपी१४० सारख्या लायब्ररीवर तो चालवल्यास प्रवेशबिंदू नसल्याचा आणखी एक संदेश मिळतो, इतकेच. रजिस्ट्री 'साफ' करणाऱ्या आज्ञावलींनी नसलेली फाइल परत येत नाही.

सर्वांत जास्त हानी सुट्या डीएलएल फाइली देणाऱ्या संकेतस्थळांमुळे होऊ शकते. फाइलचे नाव शोधल्यावर अशी स्थळे ठळकपणे समोर येतात. तेथून घेतलेली फाइल कोणत्या आवृत्तीची, किती बिटची आणि कोणाच्या हातातून आलेली आहे, याची खात्री नसते. ती संचातून सुटी काढलेली असल्यामुळे बहुधा लगेच पुढच्या फाइलची मागणी करणारा संदेश येतो. ती चालली तरी प्रणालीच्या फोल्डरात हाताने ठेवलेल्या प्रतीला सुरक्षा-अद्यतने मिळण्याची शाश्वती नसते. मुख्य म्हणजे डीएलएल ही निव्वळ माहितीची फाइल नाही. ती चालणारा संकेत आहे. तिला बोलावणाऱ्या आज्ञावलीला जे अधिकार असतात ते सर्व तिला मिळतात. बँकेचा व्यवहार करणाऱ्या ब्राउझरमध्ये शिरलेली लायब्ररी त्या ब्राउझरला दिसणारे सर्व काही पाहू शकते.

सुरक्षा

लोडर नावावर विश्वास ठेवतो, याचा गैरफायदा घेण्याच्या पद्धतीस 'डीएलएल हायजॅकिंग' म्हणतात. खऱ्या लायब्ररीच्या नावाची घातक फाइल शोधाच्या क्रमात आधी येणाऱ्या फोल्डरात ठेवली की आज्ञावली ती स्वतःहून उचलते. पूर्वी चालू फोल्डर या क्रमात बरेच वर होते. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ते खाली नेण्यात आले. ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने या विषयावर सुरक्षा-सूचना काढली. नेटवर्कवरील फोल्डरातून एखादा साधा दस्तऐवज उघडला तरी त्याच्या शेजारी ठेवलेली घातक डीएलएल मेमरीत येऊ शकते, असे तेव्हा अनेक आज्ञावलींबाबत दिसून आले होते.

त्याच वर्षी उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' या घातक आज्ञावलीने इराणमधील नतान्झ येथील युरेनियम-समृद्धीकरण यंत्रणेला लक्ष्य केले. औद्योगिक नियंत्रकांशी बोलणाऱ्या सीमेन्स स्टेप ७ या प्रणालीतील एस७ओटीबीएक्सडीएक्स.डीएलएल ही लायब्ररी तिने बाजूला सारली आणि त्याच नावाची आपली लायब्ररी तेथे बसवली. बहुतेक आज्ञा ही नकली लायब्ररी मूळ लायब्ररीकडे जशाच्या तशा पाठवी. हव्या त्या आज्ञा मात्र बदले आणि नियंत्रकात घुसवलेला संकेत अभियंत्यांच्या नजरेआड ठेवी. पडद्यावर कोणताही त्रुटिसंदेश आला नाही. हरवलेली फाइल निदान आपण नाही असे सांगते. बदललेली फाइल काहीच सांगत नाही.

इतर प्रणाली

लिनक्समध्ये सामायिक लायब्ररींच्या नावात '.एसओ' हा भाग आणि त्यापुढे आवृत्तीचा क्रमांक असतो. लायब्ररीचा सांधा मोडेल असा बदल झाला की हा क्रमांक बदलतात, त्यामुळे जुनी व नवी आवृत्ती मुळातच वेगळ्या नावांनी शेजारी नांदू शकतात. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आली तेव्हा १.१ ही आवृत्ती मागणाऱ्या जुन्या आज्ञावली सुरू होईनात. त्या चुकीच्या लायब्ररीसह चालल्या मात्र नाहीत, एवढा या पद्धतीचा लाभ. अवलंबित्वाची साखळी पॅकेज व्यवस्थापक सांभाळतो, म्हणून त्याला वगळून बाहेरून आणलेल्या आज्ञावलींबाबतच ही त्रुटी अधिक आढळते. 'एलडीडी' ही आज्ञा लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवते. ती अनोळखी आज्ञावलीवर चालवू नये, कारण काही परिस्थितीत तिच्यामुळे त्या आज्ञावलीतील संकेतही चालू शकतो.

मॅकओएसमध्ये आज्ञावली आपल्या लायब्ररी स्वतःच्याच गठ्ठ्यात बाळगतात. २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून प्रणालीच्या लायब्ररी स्वतंत्र फाइली म्हणून डिस्कवर दिसतही नाहीत; त्या एका एकत्रित साठ्यात असतात.

स्वतंत्र प्रतींची किंमत

प्रत्येक आज्ञावलीने आपल्या लायब्ररी आपल्यापाशी ठेवाव्यात, हा उपाय अलीकडे कंटेनर, स्नॅप, फ्लॅटपॅक अशा रूपांत सर्वत्र पसरला आहे. गो सारख्या भाषांत तर लायब्ररी बहुधा आज्ञावलीच्या फाइलमध्येच मिसळलेली असते. 'फाइल सापडली नाही' हा संदेश त्यामुळे जवळजवळ नाहीसा होतो, पण सामायिक लायब्ररीचा एक मूळ लाभही त्याबरोबर जातो. सप्टेंबर २००४ मध्ये जेपीईजी चित्रे वाचणाऱ्या जीडीआयप्लस.डीएलएल या लायब्ररीत गंभीर दोष असल्याचे जाहीर झाले. विशिष्ट रीतीने बनवलेले चित्र नुसते उघडल्यास संगणकाचा ताबा जाऊ शकत होता. विंडोजमधील प्रत दुरुस्त करणे पुरेसे नव्हते, कारण ऑफिससह अनेक आज्ञावलींनी आपापल्या फोल्डरात त्याच लायब्ररीच्या वेगळ्या प्रती ठेवलेल्या होत्या आणि त्या प्रत्येकीसाठी स्वतंत्र दुरुस्ती लागत होती. संगणकावर अशा सदोष प्रती आहेत का हे हुडकण्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले.